सांदवाडीतली ट्रॉपिकल बाग

मुलीने साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच करायचं जाहीर केलं तेव्हा मी ऑफिसातून येऊन चहा ठेवत होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बातमी सगळ्यांना एकदमच कळली. मला, सोफ्यावर पेपर तपासत बसलेल्या तिच्या बाबांना आणि आतल्या खोलीत कॉटवर पडून छताकडे बघणाऱ्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना.

"आबाजी नसतील तर साक्षगंध नाही," ती पुण्याहून म्हणाली. "आणि आबाजी गाडीत बसत नाहीत. मग हॉलच त्यांच्याकडे आणायचा. सिंपल."

मामाजी गाडीत बसत नव्हते हे खरं होतं. गेल्या पावसाळ्यात गावी शेताच्या धुऱ्यावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं आणि तिथून अँब्युलन्सने ते थेट गोंदियाला आमच्याकडे आले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याबद्दल त्यांनी ड्रायव्हरला जबाबदार धरलं आणि दारात स्ट्रेचर टेकलं तेव्हा सांगून टाकलं, "आता गाडीत बसन तं चौघायच्या खांद्यावरच." खांदा म्हणजे गाडी नव्हे, हे त्यांना सांगायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी वॉकर दिला होता. तो कॉटशेजारी उभा असे आणि त्यावर मामाजींचा टॉवेल वाळत असे. फिजिओथेरपीवाला मुलगा यायचा, "आबाजी, बस किचन तक" म्हणायचा, आणि आबाजी त्याला विचारायचे, "किचनमध्ये माहं काय काम हाय?" मग दोघं गप्पा मारत बसायचे. आमच्याकडे साक्षगंधाला पहिलं कुंकू घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातून लागतं. मोठा माणूस हा असा कॉटवर. एकुलती एक नात त्याच्यासाठी अडून बसलेली. म्हणजे कार्यक्रम जिथे मामाजी तिथेच होणार, हे ठरलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दोन्हीकडच्यांना सुट्ट्या होत्या, तोही प्रश्न मिटला. जागेचा तेवढा राहिला.

"मागे एवढी जागा पडून आहे ना," मुलगी म्हणाली. "तिथे ट्रॉपिकल गार्डन करू. मी फोटो पाठवते."

ती "पडून असलेली जागा" म्हणजे आमची सांदवाडी. घरामागचा कुंपणापर्यंतचा तुकडा. शहराच्या कडेला धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, मोडून जे लेआउट पडले, त्यातल्या एकात आमचं घर आहे, त्यामुळे मातीही धानाचीच. मोरीच्या पाण्यावर कोचई, म्हणजे अळू, माजलेली, तिची भली मोठी पानं. केळीचं बन, कुंपणाशी लाल कर्दळ, हळदीचा एक वाफा, पपई, मुनगा म्हणजे शेवगा, आणि त्या सगळ्यांवर चढलेला वाल. काही मी लावलेलं, काही आपोआप आलेलं.

फोटो आले. थायलंडमधलं कुठलं तरी रिसॉर्ट होतं. मोठमोठ्या पानांची झाडं, केळी, लाल फुलं, ओलसर हिरवा अंधार आणि मध्ये पांढऱ्या खुर्च्या. मी ते नीट पाहिले आणि यादी केली. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. यादी केल्याशिवाय मला कूलरमध्ये पाणीही भरता येत नाही. यादीतलं पहिलं काम होतं, "सांदवाडी साफ करणे."

रविवारी माणसं लावून साफ केली. कोचई, केळी, कर्दळ, हळद, सगळं गेलं. मुनग्याला मात्र मामाजींनी खिडकीतून संरक्षण दिलं. "मुनग्याले हात लावला तं भाजी कायची करशीन, खुर्चीची?" मुनगा राहिला.

मग आम्ही शहराबाहेरच्या एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाला गोंदियाचा पक्का हिंदी माणूस. मुलीने पाठवलेले फोटो बघून त्याने मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी.

"मॅडम, ये तो ट्रॉपिकल लुक है. हो जाएगा. माल आंध्रा से ट्रक में आता है."

"कोणती झाडं लागतील?"

"ये देखिए, एलिफंट इअर." त्याने एका कुंडीकडे बोट दाखवलं. कुंडीत कोचई होती. आमच्या कोचईपेक्षा जरा लहान, जरा अशक्त, ट्रकच्या प्रवासाने दमलेली. मी तसं म्हणाले. तो दुखावला.

"कोचई तो खाने की चीज है, मॅडम. इसको खाओगे तो गला पकड़ेगा. ये सिर्फ देखने का है."

हा फरक बिनतोड होता. आम्ही ती घेतली. त्यानंतर कॅना लिली घेतली, म्हणजे कर्दळ. ऑर्नामेंटल बनाना घेतली, म्हणजे जिला केळी लागत नाहीत अशी केळ. ऑर्नामेंटल जिंजर घेतलं, त्याचा वाससुद्धा आल्याला नसतो. जे आमच्याकडे होतं आणि खाता येत होतं ते सगळं काढून, त्याच घराण्यातलं पण न खाता येणारं सगळं आम्ही परत आणलं. वर अरेका पाम, पंख्यासारखा पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम आणि चोचीसारख्या फुलांचं एक झाड. ट्रॉपिकलची व्याख्या मला त्या दिवशी समजली. पोटाच्या उपयोगी नसलेली हिरवळ.

गोंदियाचा मे महिना हा सगळ्या हिरवळीवर सरकारी अभिप्रायासारखा उतरतो. आम्ही हिरवी नेट बांधली. सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. ट्रॉपिकल झाडं कडेकडेने भाजली, अप्पे करपतात तशी, पण जगली. मी रोज ऑफिसला जाण्याआधी एक चक्कर मारायची आणि कोणाची तब्येत कशी ते टिपून ठेवायची. मामाजी खिडकीतून बघायचे.

"सूनबाई, हे का होय?"

"पाम आहे, मामाजी."

"याले का लागते?"

"काही लागत नाही."

"मंग हा करते का?"

"उभा राहतो."

त्यांनी पामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आमच्या गावात असे लय हायेत," म्हणाले.

जूनमध्ये मी दोन महत्त्वाची कामं काढली. पहिलं, पाण्याचा निचरा. नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "पानी रुकना नहीं चाहिए, जड़ सड़ जाएगा." म्हणून मी सगळ्या जागेला मागच्या नालीकडे उतार काढून घेतला. दुसरं, जमीन झाकणं. बागकामाच्या प्रत्येक व्हिडिओत एक हसरी बाई झाडांच्या बुडाशी लाकडाचा भुसा पसरत असते. आम्हाला असा भुसा मिळेना. पण तिनेच पुढे सांगितलं होतं की वाळलेलं गवतही चालतं. आणि तणसाला या जिल्ह्यात काय तोटा! मामाजींची गावाकडची बांधी आता ठेक्याने दुसरा करतो. त्याच्याकडून ट्रॉलीभर तणस आलं. धानाच्या पेंढ्याचा तो सोनेरी ढीग मी स्वतः उभी राहून पसरवून घेतला. व्हिडिओतल्या बाईपेक्षा आमचं काम सरस झालं होतं. मुलीला फोटो पाठवला. तिने तीन हृदयं पाठवली.

आता माझ्या सासरच्या माणसांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्या भागात गावोगावी जे जुने तलाव दिसतात, त्यातल्या कितीतरी तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, अशाच शेतकरी घराण्यांनी घातल्या. ते अभिमानास्पदच आहे, मी कार्यक्रमांत तसं सांगतेही. पण रोजच्या संसारात त्याचा अर्थ इतकाच, की या घरातला पुरुष वाहतं पाणी बघू शकत नाही. नळाखालची बादली भरून वाहू लागली तर माझे यजमान वर्गात शिकवत असले तरी तिकडे अस्वस्थ होत असावेत. ते ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, आयुष्यात त्यांनी शेतात पाऊल घातलेलं नाही. पण रक्तातला हा भाग बी.एड.ने जात नाही.

पाऊस सुरू झाला. मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारात वॉकर, वॉकरमागे मामाजी, उभे. आणि खाली सांदवाडीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात फावडं घेऊन त्यांचा मुलगा. नालीच्या बाजूने, माझ्या उताराच्या अगदी पायथ्याशी, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मातीची पाळ घातलेली. नीट थापटलेली. मध्ये पाणी सोडायचं तोंड, त्यात विटेचं बूच.

"हे काय?"

"पाणी सगळं नालीत जाऊन राहिलं होतं," यजमान म्हणाले, जणू घर जळत होतं आणि त्यांनी विझवलं.

"जायलाच हवं होतं! उतार त्याच्यासाठीच काढला होता!"

"एवढं पानी कायले जाऊ द्याचं?" मामाजी वरून म्हणाले. "देव देऊन राहिला, आन आपन नालीले देऊन राहिलो?"

"मामाजी, मुळं सडतील."

"पान्यानं का सडते? पान्यानं धान सडला का कधी?"

मी यजमानांकडे पाहिलं. निदान विज्ञानाने माझ्या बाजूला यावं. ते म्हणाले, "मी फक्त जरा अडवणार होतो. हात चालत गेले." आणि पाळीच्या एका जागी पायाने आणखी थापटलं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. मामाजी मागच्या दारापर्यंत आले होते. वॉकरने. स्वतः. फिजिओवाला त्यांना इतके दिवस किचनपर्यंत नेऊ शकला नव्हता आणि ते किचन ओलांडून गेले होते. टॉवेल जमिनीवर पडला होता. मग मी भांडण आवरतं घेतलं. साक्षगंधाच्या दिवशी माणूस खुर्चीत बसू शकला पाहिजे, हे माझ्या यादीत झाडांच्या वर होतं.

पुढचे दिवस विटेच्या बुचावरून घरात सकाळ-संध्याकाळ बैठका चालल्या. मी बूच काढायची, पाणी नालीत जायचं. मी ऑफिसला गेले की ते परत बसायचं. घरात कोणीच ते लावत नसे. विचारलं तर दोघंही टीव्ही बघत असत. मामाजी आता दिवसातून कितीदा तरी दारापर्यंत जात, खुर्ची टाकून बसत. पाण्याच्या पातळीवर बोलत. रात्री जास्त पडलं का, पाळ पाझरते का, बूच सैल झालं का. बांधलेल्या शहरी घरामागे एवढ्याशा पाण्याचा असा कारभार मी दुसरीकडे पाहिला नाही. मोठ्या धरणावरही इतक्या बैठका होत नसाव्यात.

आणि ट्रॉपिकल बाग बुडाली. आधी चोचीच्या फुलांचं झाड गेलं. मग आल्याचं, ज्याला आल्याचा वासही नव्हता. सडल्यावर मात्र चांगलाच वास आला. अरेका पाम पिवळे पडले. फक्त एलिफंट इअर आनंदात होती, कारण शेवटी ती कोचईच.

नर्सरीवाल्याला फोटो पाठवले. त्याचा फोन आला. "मॅडम, आपने स्विमिंग पूल बनवाया क्या?"

श्रावणाच्या आसपास तणसातून हिरवे कोंब दिसू लागले. मी समाधानाने बघितलं. निदान गवत तरी आलं. मग यादीत लिहिलं, "गवत उपटणे", आणि एका सुट्टीच्या सकाळी खुरपी घेऊन खाली बसले. पहिली मूठ धरली तोच वरून आवाज आला. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फुप्फुसात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

"बोट नोको लावू! धान हाये थो!"

मी हातातली मूठ पाहिली. मी या जिल्ह्यात जन्मले, इथेच वाढले, पण शहरात. माझ्या दृष्टीने हिरवं ते हिरवं. यजमान आले, त्यांनीही बघितलं आणि भौतिकशास्त्राला शोभेल अशा सावधपणे "असू शकतं" म्हणाले. मामाजी वॉकर घेऊन पायरीच्या कडेपर्यंत आले. त्यांना हर्ष झालेला नव्हता. ते संतापले होते. ठेकेदारावर.

"एवढा दाना तनसात ठेवला! हे झोडनी होय का? लाव त्याले फोन!"

फोन लावला. ठेका करणारा माणूस तिकडे बापुडवाणा म्हणत होता, "काका, मशीननं काढला, मी का करू?" आणि मामाजी इकडे म्हणत होते, "मशीनले डोये नाई, तुले तं हायेत! माह्या सुनेच्या बागेत तुहा धान उगवून राहिला!"

फोन ठेवल्यावर मात्र ते हळूहळू निवळले. दाट झालेले गुंजे, म्हणजे रोपांचे झुबके, काढायला लावले, विरळ जागी लावायला लावले. पायरीवर बसून ते सांगत आणि चिखलात वाकलेला माझा नवरा करत होता. "दोन बोटं खाली. नाई, तुह्या नाई, माह्या. जरा अंतर ठेव. अरे, फळा पुसून राहिला का?" ट्रॅव्हलर्स पामच्या दोन्ही बाजूंना, मेलेल्या अरेकांच्या मधून, सरळ ओळींत रोवणी झाली. माझं तणस, त्यांची पाळ आणि जमीन तर पहिल्यापासून बांधीचीच. आमच्या तिघांच्या मेहनतीने आम्ही शहराच्या लेआउटमध्ये परत शेत केलं होतं.

मुलीला मी सांगितलं नाही. फोटो मागितला की मी ट्रॅव्हलर्स पामचा वरचा भाग पाठवायची.

मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत कापणी होईल आणि कार्यक्रमाला जागा मोकळी मिळेल. मी तसं यादीत लिहिलंही. मामाजींनी मान हलवली. हलकं धान असतं तर दिवाळीत निघालं असतं. हे भारी धान, त्यात उशिरा रोवलेलं. साक्षगंधाच्या आठवड्यात ते नुकतं निसवून उभं असणार. लोंब्या बाहेर, दाणा कोवळा.

डेकोरेशनवाला जागा बघायला आला तेव्हा तेच झालं होतं. तो मागच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, स्टेज किधर लगेगा? इधर तो खेत है."

"इथेच लावायचं आहे. हे काढून टाकू."

"काय काढून टाकता?" मामाजी मागून म्हणाले. वॉकर आता त्यांच्यापुढे सहज चालत असे. "निसवला धान. पोटात दाना भरून राहिला. पोटुशी बाई कोनी घराबाहेर काढते का?"

"मामाजी, कार्यक्रम तुमच्यासाठी इथे घेतलाय. नात अडून बसली आहे तुमच्यासाठी."

"मंग घ्या ना. मी नाई म्हनलो का?"

"जागा कुठे आहे?"

"ते मले कायले विचारतेस? पाम तू लावले."

यजमान तोपर्यंत विटेचं बूच तपासायला खाली उतरले होते. मी समजले. मतदान झालं होतं आणि मी हरले होते. मामाजींच्या खुर्चीशिवाय कार्यक्रम नाही, आणि मामाजींच्या धानाशिवाय मामाजी नाहीत.

मी नवीन यादी केली. मांडव पुढे, रस्त्यावर. आमच्या लेआउटमध्ये कोणाचंही लग्न, बारसं, सत्यनारायण असला की रस्ता बंद होतो, लोक मोटारसायकली वळवून नेतात आणि जाता जाता जेवूनही जातात. आचारी मागे, पायरीजवळच्या कोरड्या पट्टीवर. मामाजींची खुर्ची मांडवात, स्टेजशेजारी, घराच्या दारापासून थोड्याच पावलांवर. राहता राहिलं ट्रॉपिकल. डेकोरेशनवाल्याने हसून सांगितलं की त्याच्याकडे प्लास्टिकचं सगळं आहे. "पाम, केला, एलिफंट इअर, सब. धो के रखते हैं, एकदम ताजा."

साक्षगंधाच्या दिवशी मांडव खरोखर थायलंडसारखा दिसत होता. प्लास्टिकच्या पानांवर पाण्याचे थेंबसुद्धा होते, तेही प्लास्टिकचे. मुलगी दोन दिवस आधीच आली होती. तिने सांदवाडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आबाजींकडे बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, आबाजी चालून राहिले." बागेबद्दल चकार शब्द नाही. महिनोन्‌महिने मी पामचे वरचे भाग पाठवत होते ते उगाच.

पाहुणे पुण्याचे. वागायला अगदी मऊ. मुलाच्या मावशींना घर बघायचं होतं, म्हणून मी त्यांना आतून मागच्या दारापर्यंत नेलं. त्या टाळ्या वाजवायच्या बेतात आल्या.

"अय्या, ऑर्नामेंटल ग्रास! आमच्या सोसायटीत लावलंय हे. पण इतकं छान नाही आलं. ही मधल्या पामची आयडिया तुमचीच का?"

"हो," मी म्हणाले. मुहूर्त जवळ आला होता, समजावत बसायला वेळ नव्हता.

मांडवात सगळे बसले. पाट मांडला, मुलगी बसली, साडी, नारळ, फुलं, ताट, सगळं जागेवर. मी यादीवरून नजर फिरवली. भटजींनी सांगितलं, "पहिलं कुंकू मुलीच्या आजोबांनी लावावं."

खुर्ची रिकामी होती.

मी घरात शिरले. कॉट रिकामी, वॉकर नाही. मागच्या दारात आले तर मामाजी पायरी उतरून कडेकडेने पाळीवर पोचले होते. नवं धोतर, नवी टोपी, मोठ्या मुश्किलीने घातलेला कोट, आणि वॉकर आडवा धरून ते आचाऱ्याच्या माणसांसमोर उभे. त्यांच्यामागे धान, समोर खरकट्या पाण्याने भरलेली कढई घेतलेले दोघं.

"इकडं नाई फेकाचं! गरम पानी हाय थे! धान मरते!"

"आजा, मग कुठी फेकू?"

"माह्या डोक्यावर फेक!"

मी म्हणाले, "मामाजी, सगळे थांबलेत. मुहूर्त आहे."

"तुमी करून घ्या सूनबाई. मी हटलो का हे लोक कढया धुतीन धानात. कुंकू का, कोनीही लावते."

"कोणीही नाही लावत! तुमच्याचसाठी घरी ठेवलंय सगळं!"

"मले समजते ना. पन हे पाह्य," आणि त्यांनी वाकून एक लोंबी बोटांत धरली, दाणा दाबून दाखवला. पांढरं दूध आलं. "आता मरन तं गेला."

यजमान मला शोधत आले. मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा कढईकडे, बूट काढले आणि आचाऱ्याचं पाणी जाण्यासाठी पायरीलगत वेगळी नाली काढायला फावडं घेतलं. नव्या कोटात. माझ्या हातात कुंकवाचं ताट, आणि मी यादीत पुढचं काम शोधत होते. पुढचं काम लिहिलेलंच नव्हतं.

तेवढ्यात घरातून पैंजण वाजले. मुलगी पाटावरून उठून आली होती. मागे मुलगा. मुलामागे त्याचे आई-वडील, मावशी, भटजी आणि पूर्ण मांडव, आमच्या बैठकीतून, स्वयंपाकघरातून, एकामागे एक.

"आबाजी येत नाहीत ना, मग इथेच," ती म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी चिखलाकडे बघितलं. मग शांतपणे बूट काढून हातात घेतले. त्यांचं बघून सगळ्यांनी काढले. पाळ अरुंद; माणसं एकापाठोपाठ एक अशी उभी राहिली, रेशनच्या रांगेसारखी. मावशी ऑर्नामेंटल ग्रासला हात लावून बघत होत्या आणि त्यांच्या बोटाला दूध लागलं, तेव्हा गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या. मी कुंकवाचं ताट घेऊन मामाजींकडे सरकले. मेलेल्या अरेकांमधून, कोचईच्या पानाआडून भटजींचे मंत्र सुरू झाले. आचारी झारा हातात धरून बघत उभा राहिला. एका हाताने वॉकर धरून मामाजींनी नातीच्या कपाळी कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. तिने ते पुसलं नाही.

मग मुलाला लावलं. पुण्याचा मुलगा, कोणीतरी शिकवून आणलेला. कुंकू लागताच तो पाया पडायला वाकला. पाळ ओली होती. त्याचा एक पाय घसरला आणि थेट ओळीत गेला.

"जावईबुवा, पाय!" मामाजी ओरडले. "पाय काढा आधी. आशीर्वाद कोठी पळून नाई जात."

त्याने पाय काढला. पायजमा पोटरीपर्यंत चिखलाने भरलेला. तो तसाच उकिडवा बसला आणि मोडलेला गुंजा दोन्ही हातांनी उभा करू लागला. तो पडला. त्याने परत उभा केला. तो परत पडला.

मामाजी वॉकरवर वाकून बघत होते. "बुडाशी माती दाब," म्हणाले. "अंगठ्यानं. हा. आता सोड."